विजय नगरचा आर्केड बार का बुडाला, आणि भाच्याला पैसे द्यावेत का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा पुण्यातली नोकरी सोडून इंदूरला परत आलाय, दोन मित्रांबरोबर जुन्या व्हिडिओ गेमच्या मशिनांचा बार काढायचं म्हणतोय, आणि तुमच्या निवृत्तीच्या पैशांतले काही मागतोय. इंदूरच्याच विजय नगरकडे असाच एक बार होता. सुरुवातीला दाराबाहेर लोक ताटकळायचे, दीड वर्षात कुलूप लागलं. तो का बुडाला, आणि याचंही तेच होईल का?

त्या बारची मशिनं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मीच सांभाळली, म्हणून सविस्तर लिहितोय. मी रामबागेतला. जेल रोडवर टीव्ही दुरुस्ती शिकलो आणि १९९३ पासून व्हिडिओ गेमची मशिनं उघडतोय. सरवटे बस स्टँड, सपना-संगीता, रीगल, जिथे जिथे व्हिडिओ गेम पार्लर होतं तिथे माझी पिशवी घेऊन मी गेलेलो आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. तो बार लॉकडाउनने मारला असं बरेच जण सांगतात. तसं नव्हतं. मध्य प्रदेशात बारच्या परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, आणि पुढच्या वर्षाचा परवाना घ्यायचा नाही हे मालकांनी २०२० च्या संक्रांतीच्या सुमारासच ठरवलं होतं. बार आजारी पडला २०१९ च्या पावसाळ्यात. लोक पहिल्यांदा फोटो काढायला आले, दुसऱ्यांदा खेळायला आले, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना खेळण्याजोगं तिथे फार थोडं होतं. बाकी जे काही सांगतो ते या एका गोष्टीचेच फाटे आहेत.

भाचा म्हणत असेल की परदेशात हे चालतं. खरं आहे. व्हिडिओ गेमचा धंदा सुरूच मुळी दारूच्या गुत्त्यात झाला. अटारी कंपनीने १९७२ मध्ये पाँग या खेळाचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या गुत्त्यात ठेवलं. थोड्याच दिवसांत निरोप आला की मशीन बंद पडलंय. ते ज्याने बनवलं तो ॲलन अल्कॉर्न स्वतः बघायला गेला, आणि उघडून पाहतो तर नाण्यांचा डबा इतका भरलेला की पुढचं नाणं जायला जागाच नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि सगळे ती नाण्यांसाठी सांगतात. मी ती अल्कॉर्नसाठी सांगतो. मशीन बंद पडल्याचा निरोप आला आणि बनवणारा माणूस हजर झाला.

पुढे २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये चार मित्रांनी बारकेड काढला आणि जुन्या मशिनांचा बार ही कल्पना जगभर पसरली. त्यांच्यातल्या एकाने बार सुचायच्या आधीपासून घरी मशिनं जमवली होती. म्हणजे मशीन आधी, बार नंतर. तिथे खेळ क्वार्टरवर, म्हणजे २५ सेंटच्या नाण्यावर चालत. ते नाणं २४.२६ मिलिमीटरचं, ५.६७ ग्रॅमचं, १९६५ पासून मापात आणि वजनात बदललेलं नाही. १९८१ च्या गॅलागा मशीनमध्ये नाणं ओळखायची जी यंत्रणा आहे ती आजचं नाणंही तसंच गिळते. आपल्याकडे १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम होता. २०११ पासूनचा जेमतेम २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. जुन्या मशीनला नवा रुपया दिला की तो सरळ खालून बाहेर. म्हणून आपल्याकडे जुनं मशीन आहे तसं नाण्यावर चालवता येत नाही, टोकन करून घ्यावे लागतात किंवा खेळ फुकट ठेवावा लागतो. ही किरकोळ बाब वाटेल, पण बारचं अर्धं नुकसान इथून झालं. त्यावर येतोच.

बार उघडला २०१८ च्या दसऱ्याला. बारा मशिनं. पॅक-मॅन, गॅलागा, डाँकी काँग, स्पेस इन्व्हेडर्स, आणि अशीच १९७८ ते १९८४ मधली. कॅबिनेटं सुंदर होती, बाजूची चित्रं नव्याने छापून घेतलेली, भिंतीवर निऑनच्या नळ्या. उद्घाटनाच्या रात्री मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो आणि मनापासून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. ज्या तऱ्हेच्या मशिनांवर हात चालवायला लागलो ती भंगारात जाताना मी पाहिली होती, आणि इथे लोक त्यांच्यापुढे रांग लावून उभे होते.

पण त्याच रात्री पस्तिशीतला एक माणूस, बायको बरोबर, सगळ्या मशिनांपुढून एक चक्कर मारून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भिया, मुस्तफा नहीं है क्या?"

मुस्तफा म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. इंदूरमध्ये त्या गेमचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं, आजही नाही. त्यातला धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा सगळ्यांना हवा असायचा आणि गेमलाच मुस्तफा म्हणायचे. त्यानंतर एसएनके कंपनीचा १९९७ चा किंग ऑफ फायटर्स, म्हणजे केओएफ. स्ट्रीट फायटर टू, मेटल स्लग. घरी टीव्हीला लिटल मास्टर नावाचा गेमचा डबा जोडून काँट्रा. इंदूरच्या माणसाचं बालपण या खेळांचं आहे. शाळा सुटल्यावर दप्तर मशीनच्या पायाशी टाकायचं, आपला टोकन काचेच्या कडेला ठेवून नंबर लावायचा, हरेल तो उठेल. पॅक-मॅन इथे फारसं कोणी खेळलेलं नव्हतं. १९८० मध्ये तो जपानमध्ये आला तेव्हा इंदूरमध्ये टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी.

मालकांनी अमेरिकेतल्या बारचे फोटो पाहून यादी केली होती. त्यामुळे जुन्या आठवणी म्हणून जे मांडलं होतं त्या दुसऱ्याच कोणाच्या आठवणी होत्या. लोकांनी पॅक-मॅनबरोबर फोटो काढले, दोन वेळा भूतांच्या तोंडी पडले, आणि बसून नाचोज मागवले. मी पहिल्या महिन्यातच मुस्तफा आणि केओएफ आणायला सांगितलं. ती दोन मशिनं आधीच्या दोनांच्या जागी आली सहा महिन्यांनी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, आणि दिसायला साधी म्हणून स्वच्छतागृहाच्या वाटेवरच्या बोळात ठेवली. तरी रात्री नऊनंतर त्या बोळातून जायला वाट नसायची. पुढच्या बाजूला दहा चकचकीत मशिनं रिकामी, आणि मागे बोळात दोन मशिनांपुढे पंधरा माणसं. हे चित्र मी आठवडाभर रोज पाहिलं आणि रोज मालकांना दाखवलं. ते म्हणत, पुढची मशिनं लोकांना आत आणतात. बरोबर आहे. आत आणतात, पण एकदाच.

आता बिघाडांबद्दल, कारण भाच्याने हा भाग दोनदा वाचावा असं मला वाटतं.

एका शुक्रवारी रात्री नऊला फोन आला, केओएफ सारखं बंद होऊन पुन्हा सुरू होतंय. स्कूटर काढून गेलो. मशीन लावलं, दोन मिनिटं नीट चाललं, मग वरच्या एसीचा काँप्रेसर सुरू झाला आणि पडद्यावर रंगीत ठिपके आले, गेम पहिल्यापासून. अशा वेळी नवखा माणूस गेमच्या चिपांचा बोर्ड खराब झाला म्हणून बोर्ड बदलतो. मी आधी मल्टिमीटर लावला. पॉवर सप्लायच्या तोंडाशी ५.०८ व्होल्ट. तिथून तार जिथे बोर्डला भेटते तिथे ४.६८. त्या काळच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, खाली गेलं की त्या कशा वागतील याची खात्री नाही. म्हणजे मधल्या दीड मीटरमध्ये ०.४० व्होल्ट हरवत होते, आणि काँप्रेसरने वीज जरा ओढली की उरलेलंही जायचं. दोष सापडला जॅमाच्या पट्टीत. जॅमा म्हणजे १९८५ मध्ये जपानी उत्पादकांनी ठरवलेली जोडणी, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ असे ५६ संपर्क, कुठलाही बोर्ड काढून कुठलाही लावता यावा म्हणून. बोर्डच्या कडेचे ते सोनेरी पट्टे काळे पडले होते. काउंटरवरच्या पोराकडे शाळेचं खोडरबर होतं. ते मागितलं, पट्टे घासले, स्पिरिटने पुसले, बोर्ड परत बसवला. ४.९७. पॉवर सप्लायचा व्होल्ट जुळवायचा स्क्रू अर्धा केस फिरवून ५.०२ केलं. वीस मिनिटांचं काम, खर्च शून्य.

मी काम करत होतो तेवढा वेळ सहा-सात पोरं मागे उभी राहून बघत होती. एकाने विचारलं, काका, हे व्होल्ट तुम्ही कुठे मोजता? दुसऱ्याने मोबाइलचा उजेड धरला. मशीन सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला सांगितलं की ग्राहकांसमोर मशीन उघडू नका, खराब दिसतं, सोमवारी सकाळी येत जा. म्हणजे शुक्रवारी रात्री बिघडलेलं मशीन सोमवारपर्यंत 'बंद आहे' अशी पाटी लावून उभं राहणार. शनिवार-रविवार, म्हणजे बारची सगळी कमाई असलेले दोन दिवस. त्या पाट्या वाढत गेल्या. पावसाळ्यात एका रात्री मी मोजल्या तर बारा मशिनांपैकी पाचांवर पाटी होती, आणि त्यातल्या चार मशिनांना फक्त एक बटण किंवा एक स्विच हवा होता.

बटणांचं काय होतं तेही सांगतो, कारण इंदूरमध्ये ते इंदूरसारखंच होतं. प्रत्येक बटणाखाली नखाएवढा मायक्रोस्विच असतो, दाबला की टिक आवाज करतो. एकदा गॅलागाचं गोळी मारायचं बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं. मी वरची फळी उलटली तर बटणाच्या नळीत आणि स्विचच्या पातीखाली लवंग शेवेचा चुरा. तेल लाकडात मुरलेलं, त्यावर कोला सांडलेला, आणि ते सगळं वाळून गोंदासारखं झालेलं. आपल्या गावात पोह्यांवर शेव, चाटवर शेव, साबुदाण्याच्या खिचडीवर शेव, मग बारमध्ये ग्लासाबरोबर शेव येणारच. त्यात चूक काही नाही. पण दर मशीनपाशी ओला रुमाल आणि ग्लास ठेवायला हातभर लांब वेगळी फळी हवी, आणि रोज बंद करताना कोणीतरी बारा फळ्यांवरून कापड फिरवायला हवं. काउंटरवरच्या पोराला मी ते शिकवलं होतं. तो मनापासून करायचा. त्याला महिन्याभरात टेबलांवर घेतलं आणि त्याच्या जागी कोणीच आलं नाही.

सजावट करणाऱ्याने आणखी एक गोष्ट केली जी मी थांबवू शकलो नाही. आठ मशिनांतल्या जुन्या पिक्चर ट्यूब काढून तिथे एलसीडी बसवले. ट्यूब जड, तापते, आणि आत २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात, त्यामुळे भीती समजते. वीज काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते, आधी ती तिच्याच धातूच्या चौकटीला जोडून रिकामी करायची असते. भाच्याने हे शिकल्याशिवाय मशीनच्या मागे हात घालू नये, हे त्याला माझ्या वतीने बजावून सांगा. पण एलसीडीचा तोटा खेळणाऱ्यालाच कळतो. हे गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. स्वस्त एलसीडी आणि मधला सिग्नल बदलणारा बोर्ड मिळून तीन चित्रांचा उशीर सहज होतो, ५० मिलिसेकंद. फोटो काढणाऱ्याला काही फरक नाही. केओएफ खेळलेला माणूस मात्र दोन फेऱ्यांत म्हणतो, यात काहीतरी गडबड आहे, हात चालत नाही. नेमकं काय चुकतंय ते त्याला सांगता येत नाही. तो परत येत नाही इतकंच. नेमबाजीचं मशीन तर ट्यूबशिवाय चालतच नाही, कारण जुनी बंदूक ट्यूबवर फिरणारा उजेडाचा ठिपका पकडते आणि एलसीडीवर तो ठिपका नसतोच. ते मशीन पहिल्या दिवसापासून शोभेचं होतं.

आवाजाचीही तीच गत. शनिवारी डीजे असायचा. व्हिडिओ गेम अर्धा कानाने खेळतात, समोरच्याने कोणता डाव टाकला ते आवाजावरून आधी कळतं. डीजे सुरू झाला की सगळी मशिनं मुकी. दोन वेगळी गिऱ्हाइकं एका खोलीत कोंबली आणि दोघांचीही रात्र खराब केली.

आता फुकट खेळाबद्दल. बारमध्ये प्रवेश ३०० रुपये होता आणि आत सगळी मशिनं मोफत. ऐकायला छान. पण आर्केड गेम नाण्यासाठी बनवलेला असतो, तो तुम्हाला दोन-तीन मिनिटांत हरवायलाच बनवलेला आहे, म्हणजे मागचा माणूस पुढे येईल. नाणं काढून घेतलं की खेळणारा हरला तरी तोच बटण दाबून पुन्हा सुरू करतो आणि अर्धा तास हलत नाही. मागचे कंटाळतात. खेळणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, तो काही पीतही नाही. म्हणजे ज्या दारूवर भाडं निघायचं ती विकली जात नाही, आणि मशीनही मोकळं होत नाही. बोर्डवर छोटे खटके असतात, त्यांनी जीव किती द्यायचे, गेम किती अवघड करायचा ते ठरतं. मी फुकट खेळासाठी सगळे गेम अवघड करून ठेवले, त्याने थोडा फरक पडला. टोकन ठेवले असते, अगदी दहा रुपयांना दोन, तर रांग आपोआप पुढे सरकली असती. टोकन हातात आल्यावर माणूस तो जपून वापरतो, काचेवर ठेवून आपली पाळी धरतो, शेजारच्याशी बोलतो. पार्लरमध्ये माणसं एकमेकांना ओळखायला लागायची ती या टोकनांमुळे.

दारूच्या बाजूचं मला मालकांच्या बोलण्यातून जेवढं कळलं तेवढं सांगतो. परवान्याचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला जातात, गिऱ्हाईक वर्षभर यावं लागतं. आपल्याकडे २१ वर्षांखालच्याला दारू देता येत नाही, त्यामुळे कॉलेजची पोरं, जी खरी खेळणारी, त्यांना दारातूनच परत पाठवत. आणि इंदूरकर रात्री दहाला काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद होतात आणि भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबीचे ठेले लागतात. बाहेरगावचे पाहुणे असतील तर तेही तिकडेच. बारमधली माणसं साडेनऊला उठून सराफ्याकडे निघायची. मला हे दर शनिवारी दिसायचं. न्यूयॉर्कमध्ये बार बंद होईपर्यंत माणूस बारमध्ये असतो. इथे रात्रीचा शेवट सराफ्यात होतो आणि तो कोणीही बदलू शकणार नाही. (बडोद्याच्या माझ्या साडूंनीही मागे असंच काही काढायचा विचार बोलून दाखवला होता. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, म्हणून त्यांना बारशिवायच विचार करावा लागला, आणि मला वाटतं त्यांचा विचार जास्त सरळ होता.)

मार्च २०२० मध्ये सामान बाहेर काढायचं ठरलं होतं. २५ तारखेपासून देश बंद झाला आणि मशिनं आत अडकली. मला आत जाता आलं ते जुलैमध्ये. चार महिने बंद खोली, पावसाची दमट हवा. दोन मशिनांच्या तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. केओएफचा बोर्ड एसएनकेच्या निओ जिओ जातीचा, त्यावर स्कोअर आणि घड्याळ लक्षात ठेवायला ३.६ व्होल्टची रिचार्ज होणारी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती वर्षं झाली की फुटते. ती फुटली होती. हिरवट पाणी बोर्डच्या तांब्यावरून बोटभर पसरलेलं. मी आधीच्या दिवाळीत ती बॅटरी काढून टाकायची परवानगी मागितली होती, ते राहून गेलं. आठ दिवस बसून व्हिनेगरने धुतलं, खाल्लेल्या रेषांच्या जागी केसाएवढ्या तारा सोल्डर केल्या, आणि तो बोर्ड पुन्हा बोलला. मालकांनी माझ्या थकलेल्या पैशांऐवजी ती दोन बोळातली मशिनं आणि नंतर भंगारातून सुटलेलं एक मेटल स्लग मला दिलं. तिन्ही आज माझ्या घरी खाली लावलेली आहेत.

तर भाच्याचं काय. मी त्याला नको म्हणणार नाही. या गावात मुस्तफा खेळलेली हजारो माणसं आहेत आणि त्यांची मुलं आता दहा-बारा वर्षांची झाली आहेत. बाप मुलाला हा गेम शिकवेल अशी जागा इंदूरमध्ये चालेल असं मला खरोखर वाटतं. पण ती जागा पहिलं वर्ष तरी बार नसावी. दारूचा परवाना आला की ती मुलं बाहेर, भंवरकुआंची कॉलेजची पोरं बाहेर, आणि भाड्याचा सगळा भार रात्रीच्या तीन तासांवर. चहा, कॉफी, सँडविच, दुपारपासून उघडं, रात्री दहाला बंद, म्हणजे लोक हसतखेळत सराफ्याला जातील आणि पुढच्या आठवड्यात परत येतील. माणसं सहा महिने परत परत आली तर मग परवान्याचा विचार करावा.

सहा मशिनं पुरे, आणि त्यांच्यासाठी दोन जास्तीचे बोर्ड व दोन जास्तीचे पॉवर सप्लाय कपाटात. मुस्तफा, केओएफ, स्ट्रीट फायटर टू, मेटल स्लग, एक गाडीचं, आणि फोटोसाठी एक पॅक-मॅन पुढे. ट्यूब चालू असतील तोवर ट्यूबच. एका बोर्डात हजार गेम असे चिनी बोर्ड स्वस्तात मिळतात, ते घेऊ नका. त्यातल्या गेमांचे हक्क कोणाकडून घेतलेले नसतात, धंद्यात ते वापरणं चोरीच आहे, आणि निम्म्या गेमांचा वेग आणि आवाज मुळासारखा नसतो. जुने मूळ बोर्ड शोधायला वेळ लागतो, मी मदत करीन. प्रत्येक मशीनला अर्थिंग आणि मुख्य ओळीवर ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, यात एका रुपयाचीही काटकसर नको, ओल्या हातांनी लोक मशीनच्या लोखंडी दाराला टेकतात. आणि एक वही. कुठल्या मशीनला काय झालं, कधी सुधारलं, कोणी सुधारलं. त्या बारमध्ये अशी वही मी ठेवली होती आणि ती माझ्याशिवाय कोणी उघडली नाही.

तुमचे पैसे मशिनांसाठी, सुट्या भागांसाठी आणि मशिनांपाशी उभ्या राहणाऱ्या एका माणसाच्या वर्षभराच्या पगारासाठी द्या. निऑनच्या नळ्यांसाठी मागितले तर देऊ नका.

मात्र आधी त्याला माझ्याकडे पाठवा. रविवारी सकाळी, पोहे खाऊन येऊ दे, हात धुवून. मेटल स्लगचं दुसऱ्या खेळाडूचं उडी मारायचं बटण दोन दिवसांपासून लागत नाहीये, ते मी मुद्दाम तसंच ठेवलंय. मल्टिमीटर आणि पेचकस मी देईन. दोष त्याने स्वतः शोधायचा. दुपारपर्यंत ते बटण चाललं, आणि तरीही त्याच्या मनात तेच असलं, तर पैशांचं आपण तिघं बसून बोलू.